बाहेरची कडी

धामापूर, ता. मालवण
२१ एप्रिल २०२४

बाळा,

तुझी लेक सुखरूप पोचली. पूजाच्या भावाने, सिद्धेशने, काल दुपारी दारात गाडी लावली आणि मागचं दार उघडलं, तर रसिका मांडीवर प्लास्टिकची पिशवी धरून बसलेली. फोंडाघाटात तीनदा ओकली म्हणे. तोंड एवढंसं झालं होतं. मी "ये गो बाय" म्हटलं तर तिने माझ्याकडे पाहिलंच नाही. माझ्यामागे उभ्या असलेल्या कोंबडीकडे पाहिलं आणि गाडीचं दार पुन्हा लावून घेतलं. अर्धा तास सिद्धेश तिची समजूत घालत होता. शेवटी मी कोंबडी टोपलीखाली झाकली तेव्हा बाईसाहेब उतरल्या.

पत्र बघून तुझ्या कपाळाला आठी पडली असेल. काय करू, फोन तू उचलत नाहीस. पूजाच्या फोनवर बोलायचं तर तिला डॉक्टरांनी पडून राहायला सांगितलंय, पोटात दुसरं बाळ आहे, तिच्या जिवाला आपल्या भांडणाचा घोर कशाला? म्हणून आपलं पोस्टाचं पाकीट. न वाचता टाकलंस तरी ते टाकल्याचं मला कळणार नाही, तेवढी सोय आहे.

रसिकाच्या बॅगेत तुझी यादी मिळाली. छापून दिलीस, वर "सूचना" असं शीर्षक. वाचली. ती कशाला घाबरते: कोंबडी, पाल, विहीर, तळ्याचं पाणी, व्हाळाच्या ओढ्यावरचा लाकडी साकव, बंद खोली. काय खात नाही: मासे (काटा अडकेल), कुळीथ, पेज, फणसाची भाजी, आणि "जे पदार्थ कालवलेले दिसतात ते सर्व". अरे, मग राहिलं काय? आणि शेवटी ठळक अक्षरात: "कोणत्याही गोष्टीची जबरदस्ती करू नये. विशेषतः जेवताना."

तो "विशेषतः" माझ्यासाठी आहे, एवढं मला कळतं. तीस वर्षं अंगणवाडीत पोरांना भरवतेय मी. या वाडीतली अर्धी माणसं माझ्या हातचा उपमा खाऊन मोठी झालीत. आई गेली तेव्हा तू तीन वर्षांचा होतास आणि मी तेरा. तुलाही कोणीतरी भरवलंच असेल ना?

बरं, राहू दे. मूळ मुद्दा. पूजा म्हणाली, जूनमध्ये न्यायला सिद्धेशच येईल. मुलगा चांगला आहे, माझी तक्रार नाही. पण लेकीला न्यायला बापाने यावं. आठ वर्षं झाली तू या उंबऱ्यात पाऊल टाकलं नाहीस. तेवढं ये, बाकी माझ्याशी बोलू नकोस हवं तर.

तुझी
सुगंधाताई


२९ एप्रिल

बाळा,

तुझं उत्तर नाही. मी वाटही पाहत नव्हते. (पोस्टमन रोज साडेअकराला येतो.)

पहिले सहा दिवस तुझ्या लेकीने वरणभात आणि बिस्किटं यांवर काढले. वरणही वेगळ्या वाटीत, भाताला शिवता कामा नये. खुर्चीत पाय वर घेऊन बसायची, खाली कोंबडी फिरते म्हणून. मी तोंडाला कुलूप लावलं होतं. माझ्यासारखीला ते किती जड जातं ते तुला ठाऊक आहे.

मग हरिश्चंद्रकाका आले. आठवतात ना? देवळात गाऱ्हाणं घालतात ते, पलीकडच्या घरातले. आता पंचाहत्तरी ओलांडली, पण आवाज तसाच, दारापुढच्या खळ्यात बोलले की व्हाळापलीकडे ऐकू जातं. रोज सकाळी चहाला येतात. खुर्चीत पाय वर घेऊन बसलेली पोर बघून म्हणाले, "ह्या कोणाचा चेडू गो?"

"बाळाचा."

"म्हणानच कोंबडेक घाबरता."

मी डोळे वटारले. त्यांनी कप खाली ठेवला, उठून उभे राहिले, हात जोडले आणि देवळात लावतात तसा सूर लावला. "बा देवा म्हाराजा! ह्या रसिका, बाळाचा चेडू, पुण्यासून आपल्या घराक इला हा. ह्येका कोंबडेचा भय वाटता. कोंबडेक बुद्धी दी आणि चेडवाक धीर दी रे म्हाराजा!"

चुलीपाशी मी होते. सवयीने तोंडातून निघून गेलं, "व्हय म्हाराजा."

रसिका हसली. या घरात आल्यापासून पहिल्यांदा. तिने विचारलंच, आते, तू मध्येच काय म्हणालीस? मी सांगितलं, गाऱ्हाणं म्हणजे आपलं दुखणं देवासमोर मोठ्याने मांडायचं, आणि मागे उभे असतात त्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं. एकट्याने मांडून भागत नाही. मागे कोणीतरी हो म्हणणारं लागतं.

तिने थोडा विचार केला. मग खुर्चीतच उभी राहिली आणि सरळ कोंबडीला हात जोडले. "बा कोंबडी म्हाराजा, तू माझ्या पायाजवळ येऊ नकोस. मी तुझ्या पिल्लांजवळ येणार नाही."

"व्हय म्हाराजा," आम्ही दोघे म्हणालो. कोंबडी कण्या टिपत मागच्या दाराने निघून गेली. देव ऐकतो म्हणायचं ते याला.

आता पायरीवर बसून मूठ मूठ कण्या टाकते. पाय खाली सोडून. साकवाचंही गाऱ्हाणं झालं. काका पुलाच्या पलीकडच्या टोकाला, मी अलीकडे, दोघे ओरडतोय "व्हय म्हाराजा" आणि मधोमध तुझी लेक बसून बसून सरकतेय. फ्रॉकची मागची बाजू काळी झाली ती धुवून काढली, पूजाला सांगू नकोस. पालीचं अजून जमलेलं नाही. पाल ऐकून घेत नाही, असं तिचं म्हणणं.

तिला बघते तेव्हा तुझी आठवण येते. तूही असाच व्हाळाकाठी उभा राहायचास, एक पाय पुढे, एक मागे. मी मागून ढकलायचे. तू पलीकडे पोचायचास हे खरं, पण रडत पोचायचास. मधोमध थांबून माझ्याकडे वळून बघायला तुला कधी वेळच मिळाला नाही. रसिका थांबते. खाली बोटभर मासे दिसतात ते मला ओरडून सांगते. चोपन्न वर्षं मी त्या साकवावरून जातेय, मासे आहेत हे मला माहीत नव्हतं.

सुगंधाताई


७ मे

बाळा,

आज पिठी केली. कुळथाची. रसिकासाठी नाही, माझ्यासाठी. उन्हाळ्यात भाजी मिळत नाही आणि मला एकटीला काय, पिठी-भात आणि भाजलेला सुका बांगडा म्हणजे सण. तिच्या ताटात मी वाढलीसुद्धा नव्हती. तीच वाकून बघायला लागली. "हे चिखलासारखं आहे."

"मग नको बघू."

"वासपण चिखलासारखा आहे."

खरं सांगते, माझा उजवा हात आपोआप वर आला. तिच्या नाकाशी. तुला कळेल हात कशासाठी वर आला ते. तुझं नाक धरायचे, तोंड उघडलं की घास कोंबायचे. इतकी वर्षं मधे गेली, पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही. तो हात मी पदराला पुसला आणि मांडीखाली घेतला.

जेवायला काका होते. म्हणाले, "पिठयेक गाऱ्हाणा घाल."

"बा पिठी म्हाराजा," रसिका म्हणाली, "तू दिसायला घाण आहेस. मी एकच बोट खाणार. नाही आवडलीस तर राग मानू नकोस."

"व्हय म्हाराजा."

बोट बुडवलं, चाटलं, विचार केला. "नाही आवडली," म्हणाली. झालं. काका जेवायला लागले, मीही लागले. थोड्या वेळाने म्हणाली, "उद्या दोन बोटं खाऊन बघेन." मी हूं म्हटलं.

मी एवढी खूश झाले की जीभ सैल सुटली. तिला तुझी गोष्ट सांगितली. तीच, बारशाला सांगितलेली. तू सहा वर्षांचा, पिठी नको म्हणून आंब्याच्या खोलीत जाऊन लपलास, चार तास सगळ्यांनी शोधलं, आणि सापडलास तेव्हा रडून डोळे सुजलेले, चड्डी ओली आणि तोंडाला आढीचं गवत. रसिकाच्या बारशाला पूजाच्या माहेरचे साठ माणूस हसले होते. तू अर्ध्या ताटावरून उठलास आणि त्यानंतर माझ्याशी बोलला नाहीस. एवढ्याशा गमतीवरून. मला आजवर वाटत आलंय, हा माणूस सासरच्यांपुढे लाजला.

रसिका हसली नाही. म्हणाली, "बाबा लपले होते तर रडत का होते?"

"काळोख होता म्हणून."

"मग दार उघडून बाहेर का नाही आले?"

मी ताटं गोळा केली. ती मागे मागे मोरीपर्यंत आली. "आमच्या घरी बाबा बाथरूमची कडी लावत नाहीत. आत असले की मोठ्याने गाणं म्हणतात, म्हणजे आम्हाला कळतं. मीपण नाही लावत. मला तर गाणं पण येत नाही नीट, मी पाढे म्हणते."

मी तिला आंबे मोजायला बसवलं.

सुगंधाताई


१३ मे

बाळा,

रसिका आता पिठीचे तीन घास खाते. भाताबरोबर, वर कुरडई चुरून. आवडत नाही असं प्रत्येक घासाला सांगते. विहिरीत वाकून बघितलं. पूजाशी रोज बोलणं होतं, तिचं बरं आहे हे तुला मी काय सांगायचं?

आंब्याच्या खोलीच्या दाराची कडी मी काल काढून टाकली. गंजली होती. चार स्क्रू निघाले, पाचवा निघेना, तो हातोडीने काढला. दाराला आता नुसती भोकं आहेत. रसिका दिवसभर त्या खोलीत येजा करते, पिकलेला आंबा वासावरून ओळखते. मी मात्र तिला हाक मारून बाहेरूनच आंबे मागते.

बाळा, तुला त्या दिवसाचं काय आठवतं? मी विचारत नाहीये. म्हणजे विचारतेय, पण तू सांगायलाच पाहिजे असं नाही.

हेही लक्षात घे की मी तेव्हा सोळा वर्षांची होते. बरोबरीच्या मुली मालवणला शिकायला जात होत्या. वडील एसटीवर ड्रायव्हर, तीन दिवसांनी घरी. घर, गाय, तू. तुझं जेवण दोन तास चालायचं. माझं लग्न राहिलं त्याचं खापर मी कधी तुझ्यावर फोडलं नाही. आता फोडतेय असं वाटत असेल तर वाटू दे. माणूस थकतो कधी कधी.

कडी गंजली नव्हती.

सुगंधाताई


२० मे

बाळा,

हे पत्र नीट बसून वाच. पूजाला वाचून दाखव किंवा दाखवू नकोस, तुझी मर्जी.

परवा वाडीतल्या देवळाचा वर्धापनदिन होता. मुंबईचे सगळे आलेले, मंडप भरलेला. देवाची पूजा झाली, काकांनी गावाचं गाऱ्हाणं घातलं. मग एकेकाचं सुरू झालं, कोणाच्या मुलाला नोकरी, कोणाच्या गुडघ्याला आराम. रसिका माझ्या शेजारून उठली ती मला न विचारता पुढे गेली. तिला वाटलं असणार, कोंबडीचं झालं, साकवाचं झालं, पिठीचं झालं, तर हेही होईल.

"बा देवा म्हाराजा," ती म्हणाली. माणसं कौतुकाने हसली. "माझे बाबा इथे येत नाहीत. ते आणि आते बोलत नाहीत. कोणाची चूक आहे ते मला कोणी सांगत नाही. ते भांडण संपव."

कोणी "व्हय म्हाराजा" म्हणालं नाही. सगळे माझ्याकडे बघायला लागले. ती वळून बघत होती, लोक का म्हणत नाहीत म्हणून. हरिश्चंद्रकाका माझ्याकडे वळले. आवाज चढवला नाही. "सुगंधा, चूक सांगल्याशिवाय गाऱ्हाणा पुरा होणा नाय. अर्धा सांगलंस तर देव अर्धाच आयकतलो."

पळवाट होती. आपल्याकडे सगळे म्हणतात तसं, "काय चुकला माकला आसात तर पदरात घे" म्हटलं की भागतं. त्यात सगळं येतं आणि काहीच सांगावं लागत नाही. तेच म्हणायला मी उठले. तुझी लेक हात जोडून माझ्याकडे बघत होती. तिला वाटत होतं, आते खरंच सांगणार.

मी काय बोलले ते जसंच्या तसं लिहिते.

"बा देवा म्हाराजा, अडतीस वर्षां झाली. बाळा सा वर्षांचो होतो. पिठी खाय नाय म्हणान मिया तेका ताटासकट आंब्याच्या खोलयेत घातलंय आणि भायरसून कडी लावलंय. सावित्रीकडे शिरवाळे करूक गेलंय आणि तेका इसारलंय. बाळा लपलो नव्हतो. कडी भायरसून होती. वडलांका मिया खोटा सांगलंय, आणि मार तेना खाल्ल्यान. मगे जल्मभर ती गजाल मी हसान सांगत इलंय."

मग मागून एकटी शेजारची सावित्री म्हणाली, "व्हय म्हाराजा." तिला तो दिवस आठवत होता. मग काका म्हणाले, मग सगळे.

रसिका म्हणाली नाही.

तिथे सगळं बोलले नाही मी. उरलेलं तुला लिहिते, ते देवाला ठाऊक आहे, गावाला कशाला? शिरवाळ्यांच्या शेवया पाडायच्या साच्याला दोन माणसं लागतात, एक पीठ भरायला आणि एक वरून दाबायला. सावित्रीने हाक मारली तेव्हा मला वाटलं, पाव तासाचं काम. तुला सांगितलं, ताट रिकामं झालं की हाक मार. पण सावित्रीचा भाऊ मुंबईहून आला होता. साचा दाबायला तो उभा राहिला आणि पीठ भरायला मी. तो मुंबईच्या गोष्टी सांगत होता. माझ्याशी कोणी असं बोललं नव्हतं तोवर. शिरवाळे संपले, नारळाचा रस झाला, खाऊन झाले. दिवेलागणीला वडिलांची सायकल लांबून दिसली तेव्हा मला तू आठवलास.

धावत आले. तुझा आवाज बसला होता, आतून नुसतं दार वाजत होतं. मी कडी सरकवली आणि दार न उघडता अंगणात जाऊन उभी राहिले. वडिलांना म्हटलं, बाळा दुपारपासून सापडत नाही. त्यांनी दार ढकललं, तू समोर. ताटातली पिठी तशीच होती. सगळ्यांच्या जिवाला घोर लावलास म्हणून त्यांनी तुला शिपटीने मारलं. चार फटके. मारताना तू त्यांच्याकडे बघत नव्हतास, माझ्याकडे बघत होतास. तू काहीतरी बोलशील म्हणून मी थांबले होते. तू बोलला नाहीस. मीही बोलले नाही.

पुढे ती गोष्ट मी हसत सांगायला लागले. लोक हसले की मला बरं वाटायचं. इतके जण हसले म्हणजे तसंच घडलं असणार, असं मनाला सांगायचे. बारशाला तू ताटावरून उठलास तेव्हाही मला कळलं होतं. नाही कळलं असं सात तारखेच्या पत्रात लिहिलं ते खोटं.

माझं चुकलं, बाळा. वडील गेले, त्यांना सांगायचं राहिलं. तुला सांगतेय.

सुगंधाताई


२४ मे

बाळा,

देवळातून आल्यावर रसिका माझ्याशी बोलली नाही. रडली नाही, रुसलीही नाही, नुसती माझ्यापासून दोन हात लांब राहून चालायची. जेवायला काकांकडे जाते म्हणाली. जाऊ दिलं. महिनाभर मेहनत करून पोर जवळ आली होती, ती एका दुपारी गेली असं वाटलं. तिच्या जागी मी असते तर मीही हेच केलं असतं. तिच्या बापाने आठ वर्षं केलं.

काल सकाळी ती बाथरूमच्या दारात उभी राहिली. आपल्या बाथरूमला दोन कड्या आहेत, एक आतून, एक बाहेरून. दोन्ही हलवून बघितल्या. मग मला हाक मारली.

"आते, मी आज आतून कडी लावणार आहे. तू बाहेर उभी राहा."

"राहते."

"पण बाहेरच्या कडीला हात लावायचा नाही."

"नाही लावत."

ती माझ्याकडे बघत राहिली. माझ्या नुसत्या शब्दावर आता भागणार नव्हतं. म्हणाली, "तू टाळ्या वाजव. मी येईपर्यंत थांबायचं नाही. टाळ्या ऐकू आल्या म्हणजे मला कळेल तुझे हात कुठे आहेत."

आत गेली. कडी लावल्याचा आवाज आला. मी टाळ्या वाजवायला लागले. अंगणातून शेवंती मासेवाली हाक मारत आली, "सुगंधा, बांगडे ताजे आसत गो," आणि मला बंद दारासमोर टाळ्या वाजवताना बघून टोपली डोक्यावर तशीच धरून उभी राहिली. मी थांबले नाही. आत पाढे चालले होते. सातचा पाढा सात सखम बेचाळीसवर अडखळला, पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला. माझे तळवे लाल झाले. मला रडू येत होतं आणि डोळे पुसायला हात मोकळे नव्हते.

कडी उघडली. बाहेर येऊन तिने माझे हात बघितले, उलटेसुलटे करून. मग म्हणाली, "आता तू जा आत. मी टाळ्या वाजवते."

मी गेले. कडी लावली. आठ वर्षांच्या पोरीच्या टाळ्या किती हळू येतात रे. मी आत नुसती उभी होते.

दुपारी ती घरी जेवली. बांगडा मात्र नको म्हणाली, काट्याची भीती अजून आहे. मी आग्रह केला नाही.

तू यावंस हे आता मी मागत नाही. सिद्धेश आला तरी लेक तशीच आनंदाने येईल. तुला जे सांगायचं होतं ते सांगून झालं.

सुगंधाताई


पुणे
३० मे

ताई,

तुझी पत्रं मिळाली. पहिली तीन मी उघडली नव्हती. पूजाने पडल्या पडल्या उघडून मोठ्याने वाचली, स्वयंपाकघरात मला ऐकू जातील अशी. वीस तारखेचं मी स्वतः वाचलं, कंपनीच्या कँटीनमध्ये. नंतर तासभर मशीनवर गेलो नाही.

तुला वाटतं, तू कडी लावलीस म्हणून मी तुझ्यावर चिडलो. तसं नाही. तू सोळा वर्षांची होतीस, कंटाळली असशील, हे मला बाप झाल्यावर कळलं. गोष्ट वेगळी आहे. वडील म्हणाले मी लपलो, तू म्हणालीस मी लपलो, वाडी म्हणाली मी लपलो. मला मात्र आठवायचं की मी दार ढकलतोय आणि ते उघडत नाही. लहान होतो तोवर मला खात्री होती. पुढे पुढे वाटायला लागलं, इतकी माणसं खोटं कशाला बोलतील? मीच दार ओढायचं सोडून ढकलत असेन. म्हणजे दार उघडंच होतं आणि मला ते उघडता आलं नाही. अडतीस वर्षं मी स्वतःला असा माणूस समजत आलो, ताई. नोकरीत, लग्नात, कुठेही काही अडलं की मला ते दार आठवायचं. आणि बारशाच्या दिवशी माझी मुलगी बारा दिवसांची मांडीवर असताना तू तेच पुन्हा सगळ्यांना सांगितलंस.

कडी बाहेरून होती, हे वाक्य मी पूजाला चार वेळा वाचायला लावलं. चौथ्यांदा ती रडायला लागली, म्हणून थांबवलं.

माझा राग गेलेला नाही. पत्रावर जाईल असा तो नाही, आणि गेला असं लिहून मला तुझ्याशी खोटं बोलायचं नाही. तो घेऊनच येतोय.

सिद्धेशला नको म्हणून सांगितलंय. आठ तारखेला शनिवारी सकाळच्या एसटीने मी पोचेन. तिठ्यावर कोणाला पाठवू नकोस. रस्ता मला माहीत आहे.

बाळा